हात न लावता सांभाळायचं कसं : एका चिडक्या टॅरंटुलाचं प्रकरण

हे प्रकरण उत्तर इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील बदलले आहेत. मी स्वतः बरीच वर्षं टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळतो. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीतून मुलाच्या वडिलांनी मला फोन केला, आणि तिथून मी यात आलो.

पार्श्वभूमी

मुलगा चौदा वर्षांचा. शेजारी राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचं शिक्षण संपलं, तो गाव सोडून निघाला आणि आपली टॅरंटुला या मुलाला देऊन गेला. पूर्ण वाढलेली मादी, जात चिली रोझ, म्हणजे ग्रामोस्टोला रोझिया. वय कुणालाच ठाऊक नव्हतं. या जातीच्या माद्या पंधरा-वीस वर्षं सहज जगतात, त्यामुळे ती मुलापेक्षा मोठीही असू शकेल. मुलानं तिचं नाव ठेवलं गुलाबो.

चिली रोझ ही मूळची चिलीतल्या कोरड्या, खुरट्या झुडपांच्या मुलखातली. पाळणाऱ्यांमध्ये ती ‘नवशिक्यांची टॅरंटुला’ म्हणून ओळखली जाते, कारण बहुतेक जणी संथ आणि सोशिक असतात. बहुतेक, सगळ्या नव्हे. दुकानात हा फरक सहसा कुणी सांगत नाही.

सुरुवातीचे काही महिने गुलाबो या तळहातावरून त्या तळहातावर निवांत चालायची. मित्र येऊन बघून जायचे, व्हिडिओ निघायचे. मुलाची खात्री पटली की ती आपल्याला ओळखते. टॅरंटुलाला आठ डोळे असले तरी नजर अगदीच अधू असते. तिचं जग पायांवरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांचं आणि हवेच्या हालचालींचं. ती पाळणाऱ्याला ओळखते असं मानायला काहीही आधार नाही. पण चौदाव्या वर्षी, तळहातावर असा जीव निवांत बसलेला असताना, हे कोण ऐकून घेणार?

अडचण कुठे सुरू झाली

दिवाळीच्या सुमारास घरातलं हीटिंग सुरू झालं आणि गुलाबोचं वागणं पालटलं. झाकण उचललं की पुढचे पाय वर, विषदंत उघडे. पाण्याची वाटी सरळ करायला ब्रश आत घातला की त्यावर झडप. तिनं खाणं सोडलं. मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडून तिनं तिथे टक्कल पाडून घेतलं.

हे केस म्हणजेच अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांचं पहिलं हत्यार. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव लागावी तसे ते लागतात : दिसत नाहीत, पण आग आणि खाज दिवसेंदिवस जात नाही. त्यांना सूक्ष्म काटे असतात, आणि काही प्रकारचे केस तर माणसाच्या कातडीत दोन मिलिमीटरपर्यंत शिरतात. मुलाच्या मनगटांवर आणि मानेवर पुरळ उठलं. टँकची काच आतून पुसल्यावर आईच्या हातांवरही उठलं.

त्यात दोन गोष्टींची भर. सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आजी येणार होती आणि तिची झोपायची सोय मुलाच्याच खोलीत होती. शिवाय घराचा करार संपत आला होता, म्हणजे हिवाळा सरता सरता बिऱ्हाड हलवायचं होतं.

तिघांचे तीन सूर होते. मुलगा म्हणत होता, “तिची सवय मोडली आहे. रोज हातात घेतलं की परत माणसाळेल.” बाबांना ती घराबाहेर हवी होती. आईचा प्रश्न मला सगळ्यांत रास्त वाटला : “केस डोळ्यात गेला तर?”

मी काय पाहिलं

माझी नजर आधी टँककडे गेली, कोळ्याकडे नंतर. टँक माशांचा होता, उभा आणि उंच. तळाशी दोन बोटं माती, वर जवळपास फूटभर मोकळी जागा. खाली हीट मॅट. ‘उष्ण प्रदेशातला कोळी’ असं कुठेतरी वाचून मुलगा आत रोज पाणी फवारत होता. दडायला दिलेली अर्धी कुंडी त्यानं काढून टाकली होती, कारण कुंडीत गेली की ती दिसायची नाही. आणि त्याच फळीवर, टँकला लागून, स्पीकर.

ओली माती या जातीला अजिबात सोसत नाही. गुलाबो टाचा उचलल्यासारखी, पायांच्या टोकांवर उभी होती. लपायला जागा नाही, खालून ऊब, शेजारून दणके आणि वरून दिवसातून एकदा पाऊस. अशा ठिकाणी पाय वर करणं हा स्वभावदोष कसा म्हणणार? पाय वर करणं हा इशारा असतो. विष तयार करायला शरीराला खर्च पडतो, ते भक्ष्यासाठी राखायचं असतं, म्हणून टॅरंटुला आधी धाक घालून पाहते.

आणखी एक खूण होती. पोटावरचं टक्कल कातडीच्या रंगाचं न राहता काळपट होत चाललं होतं. कात टाकण्याची वेळ जवळ आल्याचं ते लक्षण. खाणं सोडणं आणि चिडचिड वाढणं हेही त्यातच बसतं. अर्थात, चिली रोझ कारणाशिवायही महिनोन्‌महिने उपाशी राहते, त्यामुळे केवळ उपासावरून मी काही ठरवलं नसतं.

पर्याय

मुलाचा पर्याय आधी घेतो, कारण त्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. रोज हातात घेऊन माणसाळवता येईल का? असे दावे करणारे पाळणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळे खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. काही टॅरंटुला सारख्या हाताळल्यावर कमी प्रतिक्रिया देतात. पण ती शांत झाली की थकून गप्प बसली, हे बाहेरून सांगता येत नाही. गुलाबोची सुरुवातीची शांतता गार खोलीमुळेही असू शकेल; थंडीत त्या मंदावतात.

चिली रोझच्या चाव्याची मला फारशी भीती नव्हती. साधारण मधमाशीच्या डंखाएवढा त्रास होतो, आणि टॅरंटुलाच्या विषानं माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. धोका त्याच्या पुढच्या क्षणाला असतो. चावा बसला की हात झटकला जातो. कुणीही झटकेल. कोळी उडून फरशीवर आपटतो, पोटाची पातळ कातडी फाटते. टॅरंटुलाचं रक्त आपल्यासारखं बंद नळ्यांमधूनच वाहत नाही, शरीराच्या पोकळीत खेळतं, आणि पाय लांब करण्यासाठी लागणारा दाबही त्या द्रवावरच अवलंबून असतो. पोट फाटलं की बहुधा खेळ संपतो. कमरेएवढ्या उंचीवरून पडूनही त्या मरतात.

डोळ्याबद्दल आईची शंका नुसती शंका नव्हती. २००९ साली लीड्सच्या सेंट जेम्स रुग्णालयात एक तरुण लाल, पाणावलेला, उजेड न सोसणारा डोळा घेऊन आला. आधीच्या अँटिबायोटिकनं काही फरक पडला नव्हता. जास्त भिंगातून पाहिल्यावर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात बारीक केस रुतलेले दिसले. तेव्हा त्याला आठवलं, काही आठवड्यांपूर्वी टँकची काच पुसताना मागे वळून पाहिलं आणि कोळ्यानं केसांचा फवारा चेहऱ्यावर उडवला होता. केस इतके बारीक की अतिसूक्ष्म चिमट्यानंही निघेनात. स्टेरॉइडच्या थेंबांवर भागवावं लागलं. त्याचा कोळीही चिली रोझच होता, आणि त्या वेळी तो कुणाच्या हातावर नव्हता, टँकमध्ये होता. मुलाला मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तो गप्प झाला.

दुसरा पर्याय, देऊन टाकणं. बाबांच्या या म्हणण्यात काहीच गैर नव्हतं. ब्रिटनमध्ये पाळणाऱ्यांचं जाळं मोठं आहे आणि पूर्ण वाढलेली मादी लगेच कुणीतरी नेतं. १९७६ च्या धोकादायक वन्य प्राणी कायद्याखाली टॅरंटुलाला परवाना लागत नाही, त्यामुळे कागदोपत्री अडथळाही नव्हता. मला अडवत होती ती वेगळीच गोष्ट. मुलाच्या फोनमध्ये पुढच्या कोळ्याचे फोटो तयार होते, आणि तो होता पोसिलोथेरिया. भारत-श्रीलंकेतल्या या झाडांवरच्या टॅरंटुलांना खाजरे केस नसतात, त्याऐवजी विजेचा वेग आणि कितीतरी जहाल विष असतं. चाव्यानंतर काही तासांनी स्नायूंचे पेटके सुरू होतात आणि ते दिवसेंदिवस परत परत येऊ शकतात. ‘हातात घेतलं की माणसाळतं’ हा समज घेऊन हा मुलगा पोसिलोथेरियापर्यंत पोचणं मला गुलाबोच्या चिडण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटलं. गुलाबो गेली असती, समज राहिला असता.

तिसरा पर्याय आजोबांनी साताऱ्याहून फोनवर सुचवला : “झाकण उघडूच नका.” ते काही दिवस चालतं. मग खाणं म्हणून सोडलेला पण न खाल्लेला रातकिडा कुजतो, पाण्याची वाटी कोरडी पडते. शिवाय बिऱ्हाड हलवायचं होतंच.

राहिला चौथा. जागा सुधारायची, हात पूर्ण बंद करायचा, आणि जे काम टळत नाही ते हात न लावता करायला शिकायचं. हाच ठरला, पण अटींसह. टँक आजीच्या खोलीत राहणार नाही. झाकण उघडताना संरक्षक चष्मा, हातमोजे, लांब बाह्या. कात टाकून झाल्यावर पुन्हा सगळ्यांनी बसायचं; तेव्हाही जमत नसेल तर गुलाबो दुसऱ्या घरी जाईल. ही शेवटची अट बाबांची. ती मुलानं मान्य केली म्हणूनच बाबा राजी झाले.

काय केलं

पहिला पेच क्रमाचा होता. टँक बदलणं गरजेचं होतं, पण कात जवळ आली असताना उचलाउचल करणं धोक्याचं. कात टाकण्याच्या सुमारास शरीर मऊ असतं, धक्का बसला तर पाय निकामी होऊ शकतात. आम्ही टँक बदलणं लांबवलं. हीट मॅट काढली, स्पीकर हलवला, फवारणं थांबवलं, लांब चिमट्यानं कॉर्कच्या सालीचा तुकडा आत सरकवला. टँकची उंची तशीच राहिली. काचेवर चढून पडण्याचा धोका होता आणि ते मला खुपत होतं. तरी दोन धोक्यांत तो लहान होता असं आजही वाटतं.

गुलाबो त्याच रात्री सालीखाली गेली. झाकण उघडल्यावर पाय वर होणं पंधरवड्यात बरंच कमी झालं. थांबलं नाही.

पुरळावर उपाय साधा : चोळायचं नाही, सेलोटेप चिकटवून उपटायचा म्हणजे वरवरचे केस निघतात, मग धुवायचं. खाज राहिलीच तर औषधाच्या दुकानात विचारायचं. डोळ्याचा काही त्रास झाला तर मात्र घरगुती काहीही न करता थेट नेत्रविभाग, आणि डॉक्टरांना ‘घरात टॅरंटुला आहे’ हे न विसरता सांगायचं. लीड्सच्या प्रकरणात निदान लांबलं ते हा धागा उशिरा सापडल्यामुळे. आईनं हे मराठीत लिहून फ्रिजवर लावलं.

जानेवारीत एका संध्याकाळी ती उताणी पडलेली दिसली. टॅरंटुला पाठीवर पडून कात टाकते. मरताना ती सहसा उताणी होत नाही, पाय पोटाखाली आखडून बसते. मुलाला हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून त्यानं हात घातला नाही. आजीनं मात्र “गेलं बिचारं जनावर” म्हणून हात जोडले होते. काही तासांनी गुलाबो नव्या, गुलाबी झाक असलेल्या अंगानं बाजूला उभी होती. विषदंत पांढरे, मऊ. ते काळे आणि टणक होईपर्यंत, साधारण दोन आठवडे, खाणं द्यायचं नाही असं ठरलं. मऊ दात असताना आत सोडलेला रातकिडाच कोळ्याला जखमी करू शकतो.

बिऱ्हाड हलवण्याचा दिवस

टँक बदलणं आणि घर बदलणं एकाच दिवशी उरकायचं ठरवलं, म्हणजे तिला एकदाच त्रास. तयारी आठवडाभर चालली. मुलगा चुरगाळलेल्या कागदाच्या बोळ्यावर सराव करत होता : पारदर्शक डबा वरून ठेवायचा, खालून जाड पुठ्ठा सरकवायचा, दोन्ही मिळून उलटायचं. जुन्या कातीवर सराव करू का, असं त्यानं विचारलं. दिसायला हुबेहूब, पण कातीवरही केस असतात. नाही म्हटलं.

काम न्हाणीघरात केलं. बाथटबचं भोक बंद, टँक टबात, दार लावलेलं. टबाच्या गुळगुळीत भिंतीवर जमिनीवरच्या टॅरंटुलाला पटकन चढता येत नाही आणि सुटली तरी सोफ्याखाली जात नाही. आमची योजना अशी की ब्रशनं मागून हलकेच टोचत तिला डब्यात चालवायचं. पहिल्याच स्पर्शाला ती वळली आणि ब्रश धरला.

इथे मुलानं घेतलेला निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत चांगला वाटतो. ब्रश ओढून काढायचा नाही हे त्याला माहीत होतं, कारण त्यात दात मोडतात. त्यानं ब्रश सोडून दिला आणि हात बाहेर घेतला. ती दहा-पंधरा मिनिटं तशीच. मग ब्रश टाकून ती सालीकडे वळली. “काका, चालवायला नकोच. आहे तिथेच डबा ठेवतो,” तो म्हणाला. डबा ठेवला, पुठ्ठा पायांच्या वेगानं, अगदी सावकाश, खालून सरकवला. झालं. मी कडेला उभा होतो, तेवढंच.

तळाला ओलसर टिपकागद, झाकणाला भोकं, आणि डबा गाडीत पायांपाशी. डिकीत ठेवायचा नाही. फेब्रुवारीत डिकी फार गार असते. नवा टँक आधीच नव्या घरी लावून ठेवला होता : आडवा, बुटका, मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर तिच्या पायांच्या पसाऱ्याहून थोडंसंच जास्त. कोरडी माती, कॉर्कची साल, पाण्याची वाटी.

पुढे काय झालं

काही आठवडे गुलाबो एकदम सौम्य होती. झाकण उघडलं तरी हलायची नाही. साहजिकच मुलानं विचारलं, आता घेऊ का हातात? बाबाही विरघळले होते : “एकदा घेऊ दे की, एवढं केलं त्यानं.” ठरल्याप्रमाणे सगळे बसले. मी एवढंच विचारलं, की हातात घेऊन कुठलं काम होणार आहे? खाणं, पाणी, सफाई, स्थलांतर, सगळं तो हात न लावता करून दाखवत होता. उरलं होतं ते फक्त आपल्याला वाटणारं सुख. ते खोटं नाही, मीही तरुणपणी ते घेतलं आहे, पण त्याची किंमत सगळीच्या सगळी कोळ्याच्या खात्यावर पडते. निर्णय मुलावर सोडला. तो नको म्हणाला, जरा नाराजीनंच.

एप्रिलच्या सुमारास तिचा जुना स्वभाव थोडा परतला. आता ती वाटी भरताना पाय वर करते, एरवी नाही. माझ्या मते ही तिची कायमची तऱ्हा आहे आणि तिच्यावर आणखी उपाय शोधू नयेत. पुरळ एकदाच परत उठलं, तेही गुलाबोमुळे थेट नाही. शाळेत दाखवायला मुलानं कात लिफाफ्यात ठेवली होती आणि आईनं फळी आवरताना तो लिफाफा झटकला. कात आता झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत असते.

वेगळं काय करता आलं असतं

कोळी घरात आला त्या दिवशीच टँक बदलता आला असता. तेव्हा ती शांत होती, कात लांब होती. फेब्रुवारीतली धाकधूक वाचली असती. गुलाबोनं शेवटची कात कधी टाकली हे देणाऱ्या विद्यार्थ्यानं लिहून दिलं असतं तर दिवाळीतला अर्धा गोंधळ झालाच नसता. दुसऱ्याकडून टॅरंटुला घेताना हा एक प्रश्न नक्की विचारावा.

संरक्षक चष्मा आम्ही पुरळ उठल्यानंतर आणला. केस झाडणारी जात घरात येतानाच तो यायला हवा होता.

बाबांची ‘देऊन टाकू’ ही सूचना मी लवकर बाजूला सारली असं कुणी म्हणेल. आजीला दमा असता किंवा घरात रांगतं मूल असतं तर मी त्यांच्याच बाजूनं बोललो असतो. इंग्लंड आणि वेल्सच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात फक्त पाठीचा कणा असलेले प्राणी येतात. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकू नयेत हा त्यातला नियमही कोळ्याला लागू होत नाही. तेव्हा घरात कोण सांभाळणार, हे आईवडिलांनीच ठरवायचं असतं.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. आजी परतली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे साताऱ्याला जाणार आहेत. तिकडे घाटातल्या बांधांवर, दरडींत रेशमाची कड असलेली बिळं दिसतात, हे आजीनंच नातवाला सांगून ठेवलं आहे. सह्याद्रीत किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटससारखे टॅरंटुला राहतात. १८९९ मध्ये पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञानं ज्यांची शास्त्रीय नोंद केली त्यांपैकी हा एक. त्यांना झाडायला केस नाहीत, त्यामुळे ते इशारा देऊन लगेच चावतात, आणि ते गुलाबोपेक्षा कितीतरी चपळ असतात. मुलाला बिळं बघायची आहेत. ठरलंय ते असं : पावसाळ्यात, रात्री, विजेरी घेऊन, बिळापासून हातभर लांब बसून बघायचं, काडी घालायची नाही, फोटोसाठी कुणाला बाहेर काढायचं नाही आणि जागेचा पत्ता कुणाला द्यायचा नाही, कारण अशा बिळांतले कोळी खणून विकले जातात. पोसिलोथेरियाचा विषय सोळाव्या वाढदिवसापर्यंत बंद आहे. तोवर त्याच्याकडे डबा, पुठ्ठा आणि गुलाबो आहे.